नदी आणि समुद्राच्या मधलं देवबाग

कुवेतमध्ये एकही नदी नाही. तेल सापडण्याआधी इथे पिण्याचं पाणी शत्त-अल-अरब नदीतून जहाजांनी यायचं; 1950 च्या दशकापासून समुद्राचं पाणी गोडं करून पुरवलं जातं. अशा देशात राहिलं की आमच्या देवबागची किंमत जास्तच कळते.

देवबाग म्हणजे मालवण तालुक्यातली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता माडांच्या सावलीतून संगमाकडे जातो. सूर्य नदीवर उगवतो आणि समुद्रात मावळतो. दोन्ही बघायला गाव सोडावं लागत नाही. होडीने संगमावर गेलात की समोर भोगव्याचा किनारा. ओहोटीला नदीत वाळूचं बेट वर येतं, त्याला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. भटकून भूक लागली की घरगुती खानावळीत बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी!

पण हे सगळं वाळूवर उभं आहे. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, हवा निवळली की बरीचशी परत आणून टाकतात. त्यासाठी किनाऱ्याला मोकळी जागा लागते, आणि देवबागात तीच कमी. धूपप्रतिबंधक बंधारे घातलेत, तरी उधाण आलं की इकडे आमचा जीव टांगणीला लागतो.

यंदा धाकट्या भावाचा फोन आला, "समुद्राच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढूया का? पैशांचं तू बघ." त्याचंही बरोबर होतं. पर्यटनामुळे गावातल्या पोरांना मुंबई गाठावी लागत नाही. काका मात्र एवढंच म्हणाले, "दर्यो आपली जागा मागता. ती तेका देवक व्हयी."

शेवटी खोल्या काढायचं ठरलं, पण रस्त्याच्या बाजूला, जुन्या पडवीला लागून. तिथून समुद्र दिसणार नाही, भाडंही थोडं कमी मिळेल. समुद्राकडची मर्यादवेल मात्र तशीच राहील. वाळू धरून ठेवते ती हीच वेल. आखातातल्या कमाईतून कोकणात घर बांधणाऱ्यांनी नकाशा काढण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावं.

आणि देवबाग बघायचं असेल तर ऑक्टोबर ते मे या दिवसांत जा. रेल्वेने कुडाळला उतरा. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात.