इंजिन शाबूत, पण चेन उतरली!

सायकलला घरच्या घरी बसवायच्या चिनी मोटर-किटवर बऱ्याचदा 80 सीसी असं छापलेलं असतं. सिलिंडर उघडून मापा: व्यास 47 मिलिमीटर, स्ट्रोक 38. गणित केलं की हाती येतात जेमतेम 66 सीसी! तरी सायकलच्या मानाने हे इंजिन दांडगंच. दीड-दोन अश्वशक्ती म्हणजे हजार-दीड हजार वॅट; आपले पाय आरामात पॅडल मारताना शंभरेक वॅट देतात. त्यामुळे रस्त्यात रडवतं ते बहुतेक वेळा इंजिन आणि मागचं चाक यांच्या मधलं सामान.

वेगाचा हिशेब झटपट. इंजिनाच्या पोटातले गिअर फेरे 4.1 पटीने कमी करतात, पुढे 10 दात्यांची चक्री, मागे 44 ची. म्हणजे इंजिनाचे 18 फेरे झाले की चाकाचा एक. 26 इंची चाक असेल, तर 5000 आरपीएमला ताशी साधारण 35 किलोमीटर.

मोटरची चेन डावीकडे का? उजवी बाजू पॅडलने अडवलेली. फ्रीव्हीलचे आटे असे असतात, की पॅडल माराल तसे ते आवळत जातात. तेच आटे डाव्या बाजूला दिले, तर चक्री प्रत्येक झटक्याला सुटत जाईल! म्हणून किटवाल्यांनी आऱ्यांनाच हात घातला: आऱ्यांच्या आतून-बाहेरून रबरी चकत्या, त्यावर लोखंडी पट्ट्या, आणि सगळं आवळायला नऊ बोल्ट. 36 आऱ्यांच्या चाकात एका बाजूचे 18 आरे हा सगळा भार वाहतात. बोल्ट ढिले पडले की चक्री हलते आणि आरे हबपाशी, वाकणाजवळ तुटू लागतात.

बसवताना खरी गंमत चक्री मधोमध आणण्यात आहे. जरा जरी एका अंगाला सरकली, तर चाक फिरताना चेन एकदा ताठ, एकदा सैल. मग चेनचा ताण कुठे बघायचा? चाक हळूहळू फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे वर-खाली अर्धा इंच खेळ ठेवायचा. सैल जागा बघून चेन आवळली, तर ताठ जागी ती बेअरिंगच खाते. बोल्ट समोरासमोरचे पाळीपाळीने आवळायचे, पहिल्या फेरीनंतर परत एकदा. आणि चाक हाताने फिरवण्याआधी प्लगची वायर काढाच. चेन आणि चक्रीच्या मध्ये बोट सापडलं तर ते जातं.

माझ्या मते किटमधला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे चेन ताणायची छोटी पुली. ती मागच्या चिमट्याच्या नळीला क्लॅम्पने धरलेली असते. नळी मागे निमुळती होत जाते, क्लॅम्प फिरतो, पुली आऱ्यांत घुसते आणि चाक जागच्या जागी जाम! उपाय सोपा: चक्र्या एका रेषेत आणा, चेनची जादा कडी काढा, चाक खाचेत मागे ओढा. जमलं तर पुली काढूनच टाका.

चेनची टोकं जोडणाऱ्या चेन-लॉकच्या क्लिपलाही दिशा असते. तिचं बंद तोंड चेन धावते त्या बाजूला हवं, नाहीतर कशाला तरी अडकून क्लिप उडते. क्लच घसरतोय? गिअरच्या झाकणात ग्रीस जास्त झालं की ते उडून क्लचच्या पॅडवर बसतं. पॅड पुसून, पॉलिश पेपर मारून बघा.

चक्री ढिली होण्याचं दुखणं राइट बंधूंनाही चुकलं नाही. सायकल-दुकानवाल्या या भावांनी विमानाचे पंखे चेननेच फिरवले. 1903 मध्ये किटी हॉकला चक्र्या सारख्या सुटू लागल्या, तेव्हा त्यांनी सायकलचे टायर चिकटवायचं सिमेंट वितळवून आट्यांत ओतलं आणि चक्र्या घट्ट बसल्या! आज मेकॅनिक आट्यांना थ्रेडलॉकर लावतात, त्यामागे हीच युक्ती आहे.

सायकलला इंजिन जोडण्याचा खटाटोपही जुनाच. सोइचिरो होंडा यांनी 1946 मध्ये जपानच्या हामामात्सुत लष्कराच्या वायरलेस जनरेटरची छोटी इंजिनं सायकलींना जोडली. पहिल्या सायकलला पेट्रोलची टाकी म्हणून अंग शेकायची गरम पाण्याची बाटली होती. आधी रबरी रोलरने पुढचं चाक फिरवून पाहिलं, पण त्यात टायर टिकेना. मग पट्टा आला, मागच्या चाकाला. 1952 च्या सुझुकी पॉवर फ्रीमध्ये दुहेरी चक्रीची सोय होती: नुसतं पॅडल, नुसतं इंजिन किंवा दोन्ही मिळून.

क्युबात 1990 च्या दशकातल्या टंचाईत लोकांनी फवारणी-पंपाची इंजिनं सायकलींवर चढवली, टाकीच्या जागी प्लॅस्टिकची बाटली. त्यांना तिथे रिकिंबिली म्हणतात. पुण्याच्या कायनेटिकची 1972 ची लूना मात्र कारखान्यातूनच पॅडल घेऊन आली.

आपल्याकडे कायद्याचं भान ठेवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतचं वाहन 'मोटार वाहन' धरलेलं नाही. 66 सीसीचं किट त्या सवलतीत बसत नाही.

निघताना दप्तरात दोन चेन-लॉक, चार आरे, पाने आणि चेन तोडायचं हत्यार टाका. मोटरची चेन तुटली, तरी उजवीकडची चेन शाबूत असते; तुटलेली चेन काढा आणि पॅडल मारत घर गाठा.