फाइलचं चित्र बदललं? आधी तिचं आडनाव बघा

सातबारा डाउनलोड करून कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पीडीएफचं ओळखीचं लाल चित्र गायब आणि त्या जागी कोरा पांढरा कागद. फाइल उडाली असं समजून अनेक जण ती पुन्हा डाउनलोड करतात. बहुतेक वेळा फाइल जशीच्या तशी असते, बदललेला असतो तो फक्त आयकॉन.

असं का होतं? विंडोज फाइलच्या आत डोकावून आयकॉन ठरवत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, ती पाहते. पीडीएफ, जेपीजी ही जणू फाइलची आडनावं. कोणत्या आडनावाची फाइल कोणत्या अॅपमध्ये उघडायची याची नोंद विंडोजकडे असते आणि सहसा त्या अॅपचं चित्र फाइलला मिळतं. पीडीएफ रीडर काढून टाकला की चित्र कोरं होऊ शकतं. ब्राउझरला पीडीएफ उघडायची परवानगी दिली की ब्राउझरचं चित्र येतं.

दुरुस्तीआधी मात्र एक गोष्ट तपासाच. विंडोज ही आडनावं मुळात लपवून ठेवते. ईएक्सई प्रकारची फाइल, म्हणजे थेट चालणारा प्रोग्रॅम, स्वतःचं चित्र सोबत घेऊन येते आणि ते चित्र बनवणाऱ्याला हवं ते असू शकतं. त्यामुळे ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर आलेली ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल कॉम्प्युटरवर फक्त ‘वीजबिल.पीडीएफ’ अशी दिसते, वर चित्रही पीडीएफचं. फसवणाऱ्यांची ही जुनी युक्ती आजही चालते. (आडनावं लपवण्याची ही सोय नेमकी कोणाच्या सोयीची, हा प्रश्नच आहे!)

विंडोज ११मध्ये कोणतंही फोल्डर उघडा, वरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो’मध्ये जा आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज १०मध्ये हा पर्याय थेट ‘व्ह्यू’मध्येच सापडेल. बिल, पावती किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई दिसलं, तर ती उघडू नका, डिलीट करा. चुकून उघडलीच, तर इंटरनेट बंद करून ‘विंडोज सिक्युरिटी’तून पूर्ण स्कॅन करा. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आडनाव बरोबर असेल, तर पुढचं काम दोन मिनिटांचं. फाइलवर राइट क्लिक करा, ‘ओपन विथ’मधून ‘चूज अनदर अॅप’ घ्या, हवं ते अॅप निवडून ‘ऑलवेज’ दाबा. त्या प्रकारच्या सगळ्याच फाइलींचं चित्र बदलेल.

तरीही जुनंच चित्र दिसतंय? दरवेळी नव्याने शोधायला नको म्हणून विंडोज आयकॉन साठवून ठेवते. तो साठा बिघडला की असं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ म्हणा. खालची पट्टी क्षणभर गायब होईल, घाबरू नका. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

चित्र बदलावं म्हणून फाइलचं आडनाव मात्र हाताने बदलू नका. वर्डच्या फाइलला पीडीएफ असं नाव दिलं, तर चित्र पीडीएफचं येईल, पण पीडीएफ रीडर ती उघडणार नाही. असं आधीच केलं असेल, तर जुनं आडनाव परत लिहा, फाइल पूर्वीसारखी उघडेल.