भागिले एक

मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेहून मागवलेल्या ड्यूझेनबर्ग एसजेचा नुसता एक सिलिंडर त्याहून मोठा, सुमारे ८६० सीसीचा. असे सिलिंडर ओळीने आठ, व्हॉल्व्ह ३२, आणि सुपरचार्जर धरून कंपनीने सांगितलेली ताकद ३२० अश्वशक्ती. मारुतीची ३७.

आता लांबी बघा. ड्यूझेनबर्गच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर १५३.५ इंच, म्हणजे ३.९ मीटर. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडायची. तिची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी ४.०५ मीटर, फक्त १५ सेंटीमीटर जास्त! ठाण्यातल्या सोसायटीत पार्किंगला ५ मीटर मिळाले, तर चाकांमधलं अंतर वजा जाता उरतात १.१ मीटर. त्यात चाकांचे उरलेले अर्धे भाग, बंपर आणि निमुळती शेपटी बसवायची. बसत नाही.

एवढी गाडी किती जणांसाठी? दोघांसाठी. तिची बॉडी बनवणाऱ्या लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीचा डिझायनर ए. एफ. मॅकनील याने लांबी बसणाऱ्यांवर खर्चलीच नाही. ती सगळी बॉनेटला आणि मडगार्डच्या रेषेला दिली. रंग होळकरांचे, भगवा आणि काळा.

किमतीचं गणितही असंच. १९२९च्या सुमारास ड्यूझेनबर्ग मॉडेल जेची (एसजे ही तिचीच सुपरचार्जर लावलेली आवृत्ती) बॉडीशिवाय नुसती चॅसी ८,५०० डॉलरला, तर फोर्डची मॉडेल ए रोडस्टर सुरुवातीला ३८५ डॉलरला होती. एका उघड्या सांगाड्यात २२ फोर्ड.

पण डोकं खरं गरगरतं ते अशी गाडी दुरुस्तीला काढल्यावर. समजा, वागळे इस्टेटमध्ये मडगार्डची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, २० लाखांत झाली. लाख मडगार्ड काढली तर प्रत्येकावर डायचा बोजा २० रुपये. एकच काढलं तर २० लाख. मॉडेल जे सुमारे ४८० बनल्या, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागाचा खर्च निदान काही मालकांत वाटला जातो. होळकरांची बॉडी मात्र एकमेव, तिथे भागायचं एकानेच.

म्हणून डाय करतच नाहीत, पत्रा हाताने घडवतात. ॲल्युमिनियमला साबण चोळून मागून ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की पत्रा नरम झाला. आणखी तापवला तर वितळून भोक. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने खोलगट करायचा, दोन रुळांमधून पुन्हा पुन्हा काढून ठोके मिटवायचे, लाकडी साच्यावर बसवून बघायचा. शेवटी काळ्या रंगावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धरतात. ते सरळ धावलं तर काम झालं. जरा लचकलं तर पुन्हा हातोडी.

डावं मडगार्ड बिघडलं तर माप उजव्यावरून उलटं करून घेता येतं. दोन्ही गेली तर जुने फोटो, बस्स. त्यामुळे अशा गाडीचा चेपलेला, फाटलेला मूळ तुकडा भंगारात टाकायचा नसतो. नवा पत्रा बाजारात किलोवर मिळतो. मॅकनीलने दिलेला बाक मोजायला दुसरी गाडीच नाही.