विद्युत्सुरक्षेचे आकडे आणि त्यांची भाषा

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत २५० व्होल्टपर्यंतच्या विद्युद्दाबास ‘लघुदाब’ अशी संज्ञा होती. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या मानकांत प्रत्यावर्ती प्रवाहापुरती हीच संज्ञा १००० व्होल्टपर्यंत जाते, आणि ५० व्होल्टांखालील दाबास ‘अतिलघु’ म्हणतात. आपल्या घरातील २३० व्होल्टांचा दाब मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा आहे. तरी दोन्ही ठिकाणी तो ‘लघु’च. ‘लघु’ हे विशेषण सापेक्ष आहे आणि त्याची तुलना वीजवाहिनीच्या हजारो व्होल्टांशी आहे, मानवी देहाशी नाही. सुरक्षा-मानकांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हेच की, त्यांतील शब्द व आकडे निसर्गातून जसेच्या तसे उचललेले नसतात. कोणीतरी, काही हेतूने, ते ठरविलेले असतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे गळती-प्रवाहाची मर्यादा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली विद्युत्‌वाहक वस्तू किती प्रवाहापर्यंत मनुष्य स्वेच्छेने सोडू शकतो, हे मोजले. १३४ पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आली व २८ स्त्रियांची सुमारे १०.५. परंतु सरासरी हे नियामकाच्या कामाचे माप नव्हे. सरासरी मर्यादा मानली तर सुमारे अर्धी माणसे तारेला चिकटून राहतील! म्हणून शंभरांपैकी साडेनव्याण्णव जणांना हात सोडविता येईल असा आकडा काढण्यात आला. तो पुरुषांसाठी ९ व स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर असा आहे. साडेनव्याण्णव का, नव्व्याण्णव का नव्हे, याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. किती जणांचा धोका समाजाने पत्करावा, हा तो प्रश्न आहे.

अमेरिकेत घरगुती संरक्षक उपकरण ४ ते ६ मिलिअँपिअरच्या दरम्यान प्रवाह तोडते. युरोपात आणि आपल्याकडे मात्र ३० मिलिअँपिअरचे उपकरण रूढ आहे. भारतीय मानक १२६४० आंतरराष्ट्रीय मानकाच्याच वाटेने जाते. मानवी देह तोच असता पाचपट अंतर कसे पडले? अमेरिकेने ‘हात सुटला पाहिजे’ ही कसोटी घेतली. दुसऱ्या परंपरेने ‘हृदयाची लय बिघडता कामा नये’ ही कसोटी घेतली आणि भिस्त वेळेवर ठेवली: ३० मिलिअँपिअर गळतीस ०.३ सेकंदात प्रवाह तुटलाच पाहिजे, आणि गळती याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. शिवाय अमेरिकी उपकरण बहुधा एखाद्या परिपथापुरते वा खटक्यापुरते असते; इकडे ते पुष्कळदा सबंध घरासाठी एकच बसविलेले असते. सर्व उपकरणांची किरकोळ गळती तेथे एकत्र होते. ५ मिलिअँपिअरचे उपकरण अशा जागी वारंवार वीज तोडील, आणि कंटाळलेला गृहस्थ एके दिवशी ते उपकरणच वगळून तारा थेट जोडून टाकील. अधिक कडक आकडा म्हणजे अधिक सुरक्षा, हे समीकरण म्हणूनच फसवे आहे.

आकडा ठरला तरी तो बंधनकारक कसा होतो? अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ पासून प्रसिद्ध होत आली आहे. ती आज एक खाजगी संस्था तयार करते व राज्ये कायद्याने ती स्वीकारतात. भारतात हे काम दोन संस्थांत विभागलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या तज्ज्ञ समित्या मानके रचतात. ही मानके मूलतः ऐच्छिक असतात. शासनाने गुणवत्ता-नियंत्रण आदेश काढला, जसा तारा, केबली व उपकरणे यांबाबत २००३ साली काढला, की ती सक्तीची होतात. दुसरीकडे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरण राज्य शासनांशी विचारविनिमय करून सुरक्षेचे उपाय विहित करते. कलम १७७ अन्वये मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि आलेल्या हरकतींचा विचार करणे सामान्य खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ ने आवश्यक केले आहे. पुढे विनियम संसदेसमोर ठेवले जातात. हरकती कोण पाठवितो, हे मात्र पाहण्याजोगे आहे. ज्याच्या घरात प्रवाह गळतो तो क्वचितच पाठवितो.

प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत (त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली) गळती-संरक्षक उपकरणाची सक्ती होती. परंतु २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटहून कमी भाराच्या जोडण्या तीतून वगळल्या होत्या. दोन पंखे, चार दिवे व एक शीतकपाट एवढाच भार असलेले घर अर्थातच बाहेर राहिले. अशा घरात एम.सी.बी. बसवून निश्चिंत होणारे पुष्कळ. पण १६ अँपिअरची एम.सी.बी. म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या पाचशेपटीहून अधिक प्रवाहाची राखण. ती तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक अडचण दिसते. इंग्रजी मानकांत ‘शॅल’ म्हणजे आज्ञा, ‘शुड’ म्हणजे शिफारस व ‘मे’ म्हणजे मुभा, असा काटेकोर भेद पाळला जातो. आपले ‘पाहिजे’ मात्र आज्ञा आणि शिफारस दोन्ही वाहते. “अर्थिंग केलेले असले पाहिजे” हे वाक्य हुकूम आहे की सल्ला, ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून कळते, आणि छापील नियमाला स्वर नसतो. कायद्याच्या मराठीने यावर भविष्यकाळाचा तोडगा काढला: “पुरवठादार तपासणी करील.” वकिलास यात आज्ञा ऐकू येते, शिडीवर उभ्या असलेल्या वायरमनला मात्र, पुढेमागे कोणीतरी तपासणी करणार आहे, एवढेच ऐकू येते. त्यापेक्षा “केलीच पाहिजे” व “केलेली बरी” असा सरळ भेद का करू नये? ‘अर्थिंग’ला घडवलेला संस्कृत पर्याय शोधण्यापेक्षा हा भेद पक्का करण्याची निकड मला अधिक वाटते, कारण ‘अर्थिंग’ त्याला समजतेच.