कोळंबीची परीक्षा

रविवारी सकाळी कांदिवलीच्या बाजारातून अर्धा किलो कोळंबी आणली. सौभाग्यवती ती सोलायला बसल्या आणि मी पेपर तपासायला. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा! डहाणूकडे खाडीकाठी त्याची कोळंबीची तळी आहेत. चेहरा अगदी उतरलेला.

"सर, आठ दिवसांत सगळं तळं गेलं. कवचावर पांढरे ठिपके! पोरांना आपण लस टोचतो, मग कोळंबीला का नाही?"

मी पडलो भाषेचा मास्तर! पण प्रश्न पाठ सोडीना. मग थोडे वाचले, थोडे जाणत्यांना विचारले.

हा रोग विषाणूचा. १९९२ च्या सुमारास तो पूर्व आशियात दिसला आणि १९९४ साली आपल्या देशात येऊन थडकला. तीन ते दहा दिवसांत तो तळे रिकामे करू शकतो. खाणाऱ्या माणसाला मात्र तो बाधत नाही.

कोळंबी काही निमूटपणे मरत नाही. कवच ही तिची तटबंदी. आत शत्रू शिरलाच, तर रक्तातल्या पेशी त्याला घेरतात आणि काळ्या द्रव्यात कोंडतात. त्याहून नवल पुढेच आहे. परीक्षेत कॉपीची एक चिठ्ठी सापडली की पर्यवेक्षक तीच हातात धरून तशा साऱ्या चिठ्ठ्या हुडकतो अन् फाडतो ना? कोळंबीची पेशीही विषाणूच्या संदेशाचा तुकडा कापून घेते आणि त्याच्याशी जुळणारे संदेश शोधून तोडते. ही युक्ती १९९८ साली एका सूक्ष्म कृमीत उलगडली गेली. त्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग अडते कोठे? आपल्या शरीराला गोवर एकदा झाला की जन्मभर पाठ असतो. कोळंबीच्या अंगी तशी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. म्हणून आपल्या धर्तीची लस तिला लागू पडत नाही. असे संदेशाचे तुकडे टोचून प्रयोगशाळेत कोळंबी वाचवता आली आहे. पण तळ्यातल्या लाखो जिवांना सुई कोण टोचणार?

"म्हणजे तिचं पाठांतर आपणच करायचं," तो हळूच म्हणाला.

मी त्याला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारून यायला सांगितले. परवा त्याचा फोन आला. तळे उन्हात वाळवले आहे, रोग वाहून आणणारे खेकडे येऊ नयेत म्हणून बांधाला जाळी लावली आहे, आणि आता तपासलेलेच बीज सोडणार आहे.

"कर्ज अजून फिटायचं आहे, सर. पण पुन्हा बसतोय परीक्षेला."