वाटेवरचा सायकल-पंप

सायकल पंक्चर होते ती बहुधा दुकानापासून लांबच. बाभळीचा काटा काही गाव बघून टायरमध्ये शिरत नाही. मग चार-पाच किलोमीटर सायकल ढकलत न्यायची, नाहीतर बसक्या चाकावर तशीच रेटायची. ढकलत नेली तर शाळेचा पहिला तास बुडतो. रेटली तर ट्यूब चिरते. शाळेला सायकलीने येणाऱ्या मुलामुलींपाशी लहानसा पंप असला, तर हा खोळंबा पुष्कळसा टळेल. पण पंप घ्यावा कोणता?

पहिली गोष्ट व्हॉल्व्हची. आपल्या साध्या काळ्या सायकलीला असतो तो वूड्स व्हॉल्व्ह. त्याच्या आत रबराची बारीक नळी, म्हणजे आपली वालट्यूब, असते. गिअरच्या सायकलींना बहुधा मोटारसायकलीसारखा श्रेडर व्हॉल्व्ह येतो, तर शर्यतीच्या सायकलींना बारीक प्रेस्टा. एकाचा पंप दुसऱ्याला बसेलच असे नाही. म्हणून दुकानात जाताना सायकल बरोबर न्या आणि चाकाला पंप लावून बघा.

दुसरी गोष्ट पंपाच्या जाडीची. पंप जाड तेवढा चांगला, असे पुष्कळांना वाटते. थोडा हिशेब करू. चाकात दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाब हवा आहे असे धरा. पंपाचा आतला व्यास 4 सेंटिमीटर असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे शेवटी शेवटी साडेसदतीस किलोंचा जोर लावावा लागतो. मोठा माणूस उभा राहून अंगाचा भार टाकील. तेरा वर्षांच्या मुलीने काय करावे? व्यास 2 सेंटिमीटर असला, तर हाच जोर साडेनऊ किलोंवर येतो. अर्थात, लांबी तेवढीच असेल तर दर खेपेला हवाही चौथाईच जाते. पंप चौपट मारावा लागतो, पण काम होते. तेव्हा दप्तरातला पंप बारीकच बरा. त्याला लवचिक नळी असावी, म्हणजे हिसक्याने व्हॉल्व्ह वाकत नाही.

आता बॅटरीवरचे पंपही मिळतात. ते सोयीचे खरे, पण चार्ज करायचे राहिले की ओझेच. गॅसची छोटी नळकांडी एका वापरात संपते. शिवाय तिच्यातला कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. रोजच्या वाटेला हाताचा पंपच भरवशाचा.

घेताना एक परीक्षा करा. तोंडावर अंगठा घट्ट दाबून मूठ आत ढकला. ती उसळून मागे आली, तर वॉशर ठीक आहे. सहज तळाला गेली, तर हवा निसटते आहे. वॉशर चामड्याचा असेल, तर तो सुकू देऊ नये. अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडावेत.

नुसत्या पंपाने पंक्चर निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. पॅच, सोल्यूशन, घासपेपर, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक जादा वालट्यूब जवळ असावी. टायरच्या आतून जपून बोट फिरवून काटा काढल्यावाचून ट्यूब परत घालू नये. नाहीतर दहा पावलांवर पुन्हा तेच!

शिक्षक बंधुभगिनींनो, एका शनिवारी हे सारे मुलांकडून करवून घ्या. हवा भरताना पंप गरम का होतो, तेही त्यांना हात लावून पाहू द्या. दाबलेली हवा तापते, हा धडा मग वेगळा शिकवावा लागणार नाही. आणि पंक्चर काढायला मुलींना आधी बसवा. सकाळच्या निर्जन वाटेवर ही विद्या त्यांना फार उपयोगी पडेल.