किसलेले चीज घ्यावे की घरी किसावे?

सँडविच, डोसा, पावभाजी, आता मुलांना सगळ्यावर चीज लागते. दुकानात ते ठोकळा किंवा क्यूब म्हणून मिळते, तसेच पाकिटात आधीच किसलेलेही मिळते. किसण्याचे कष्ट वाचतात म्हणून पाकिटाकडे हात जातो. पण दोन्हींत फरक आहे.

चीजचा कीस एकमेकांना चिकटून त्याचा गोळा होतो. तो मोकळा राहावा म्हणून कारखान्यात त्यावर बटाट्याचे किंवा मक्याचे स्टार्च, नाहीतर सेल्युलोज भुरभुरतात. सेल्युलोज पाकिटावर ‘आयएनएस ४६०’ असे लिहिलेले असू शकते. ‘चीजमध्ये लाकडाचा भुसा घालतात’ असे मोबाइलवर फिरते, त्याला घाबरू नका. हा तंतू लाकडाच्या लगद्यातूनही काढतात हे खरे, पण तो शुद्ध केलेला असतो. पालेभाजीतही तोच तंतू असतो. तो पचत नाही आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. या पुडीमुळे कीस तव्यावर तितका एकजीव वितळत नाही, एवढेच.

खरी काळजी वेगळीच. किसल्यावर चीजला सगळीकडून हवा लागते, त्यामुळे फोडलेले पाकीट ठोकळ्यापेक्षा लवकर खराब होते. किसात बुरशी दिसली तर सगळे पाकीट फेकावे, कारण ती कुठवर पसरली ते दिसत नाही. घरात फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर मोठे पाकीट घेऊच नये. वेगवेगळ्या वेष्टनातले छोटे क्यूब लागतील तेवढेच, तेही थंड ठेवणाऱ्या दुकानातून, त्याच दिवशी आणावेत.

आता भाव. पाकिटावर एकूण किमतीजवळ एका ग्रॅमचा दरही बारीक अक्षरांत छापलेला असतो. कीस आणि ठोकळा दोन्ही हातात घेऊन तो ताडून पाहा. जास्तीचे पैसे किसण्याच्या मजुरीचे आहेत, आणि किसणी तर घरात असतेच. चीज किसणीला चिकटत असेल तर किसणीला तेलाचे बोट फिरवावे, किंवा किसण्याआधी ठोकळा दहा मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवावा.

घटकांची यादी मात्र दोन्हींवर वाचाच. जे वजनाने सर्वांत जास्त, ते नाव यादीत पहिले असते. तिथे पाम तेल किंवा वनस्पती तेल दिसले, तर ते दुधाचे चीज नव्हे, चीजसारखा दिसणारा पदार्थ आहे. गाडीवर सँडविचवर ढीगभर पडणारा स्वस्त कीस कशाचा, हे विचारायला लाजू नये.

घरी किसलेले म्हणून ते रोज खाण्याजोगे होत नाही. प्रोसेस्ड चीजच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, पण चरबी २५ ग्रॅमच्या आसपास असते आणि मीठही बरेच. घरात कुणाला रक्तदाब असेल, तर त्यांच्या ताटातल्या भाजीवर चीज किसू नका. मुलांच्या ताटात एक क्यूब पुरे; आणि ज्या भाजीवर तो किसणार तिच्यात मीठ जरा कमीच टाका.